आपला शिक्का पोचला, मजकूर पोचला नाही

प्रति,
मा. स्कॅन-शिरोमणी
(पदनामावर गोल शिक्का आल्याने वाचता आले नाही)

विषय : व्यवस्थित टंकलेला मराठी मजकूर कागदावर छापून, त्यावर शिक्का उमटवून, तो तिरका स्कॅन करून संकेतस्थळावर चढवल्याबद्दल जाहीर आभार.

संदर्भ : आपले पत्र, जावक क्रमांक (पंचिंगच्या भोकात गेला), दिनांक (स्टेपलच्या पिनेखाली).

महोदय किंवा महोदया,

स. न. वि. वि.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपला शिक्का आम्हांस मिळाला. अगदी ठसठशीत मिळाला. जांभळ्या शाईत, गोल, पानाच्या मधोमध. त्याखाली काही मजकूरही असावा, असा आमचा कयास आहे.

आता सरकारी भाषा सोडतो, ती आपल्याला माझ्यापेक्षा चांगली येते. माझी ओळख सांगतो. वसईत टंकलेखन आणि मुद्रितशोधन हा माझा धंदा. सोसायट्यांचे सेक्रेटरी, वकिलांचे कारकून, वाडीच्या वाटणीचा वाद बापाकडून वारशात मिळालेले शेतकरी, मुलाच्या दाखल्यासाठी आजोबांचा कागद घेऊन हिंडणारे बाप, सगळे माझ्याकडे येतात. पूर्वी ते म्हणायचे, ‘हे जरा टाइप करून द्या.’ आता म्हणतात, ‘याचं ओसीआर मारून द्या.’ ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा पुन्हा खोडता-जोडता येईल असा मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर. मजकूर येतो, त्यात ओळीओळीला चुका निघतात आणि गिऱ्हाईक सॉफ्टवेअरच्या नावानं बोटं मोडतं. ‘याला मराठीच येत नाही हो!’

मला हे बघवत नाही. त्या मुक्या जिवाची बाजू घेणारं कोणी नाही, म्हणून त्याचं वकीलपत्र मी घेतलं आहे. पिंजऱ्यात त्याला नव्हे, आपल्याला उभं करायचं आहे.

गुन्ह्याची हकीकत अशी. सकाळी अकराच्या सुमारास आपल्या कचेरीतल्या संगणकावर कोणीतरी एक नोटीस टंकतं. युनिकोडमध्ये टंकतं. म्हणजे त्या क्षणी त्यातलं प्रत्येक अक्षर शोधता येतं, निवडता येतं, दुसरीकडे नेता येतं. ती फाईल तशीच संकेतस्थळावर चढवली, तर काम संपलं. पण मग आपलं काय काम उरलं? म्हणून आपण तिची प्रिंट काढता. शाई संपत आलेल्या प्रिंटरवर काढता. साहेब सही करतात. आपण शिक्का मारता. तिची झेरॉक्स काढता. मूळ प्रत फाईलला लावता आणि झेरॉक्स स्कॅनरवर ठेवता. संध्याकाळपर्यंत संकेतस्थळावर एक चित्र झळकतं. त्यात अक्षरं दिसतात, पण एकही अक्षर उरलेलं नसतं. मग मी ओसीआर लावून, डोळे फोडून, रात्री तो मजकूर परत मिळवतो. तोच, जो सकाळी अकरा वाजता आपल्या संगणकात धडधाकट होता. आपण आमच्या वसईचं केळं वाळवून त्याची सुकेळी करता आणि मग यंत्राला म्हणता, आता याचं पुन्हा ताजं केळं करून दाखव. वर ते जमलं नाही की हसता.

परवा आपल्या हातची एक नोटीस पाहिली. कुठल्या कचेरीची ते सांगत नाही. आपली कीर्ती एका कचेरीत मावणारी नाही. पान डावीकडे झुकलेलं. डावा समास पंचिंगने खाल्लेला, त्यामुळे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर अंदाजाने घ्यायचं. वरच्या कोपऱ्यात पिनेची सावली. खालच्या कडेला कोणाचा तरी अंगठा, नखासकट. पोलीस ठाण्यात ठसे घ्यायला उपयोगी पडेल इतका स्वच्छ. त्या पानावर सर्वांत स्वच्छ आलेली गोष्ट तीच. तिसरं पान उलटं. दुसरं पान नाहीच. आणि ज्या ओळीत सर्व्हे नंबर होता, नेमका त्या ओळीवर शिक्का : ‘सत्यप्रत’. ज्याच्या खरेपणाची ग्वाही द्यायची तेच झाकून ग्वाही द्यायची, ही कला साधना केल्याशिवाय येत नाही.

मूळ ओळ बहुधा अशी होती : ‘मौजे आचोळे, ता. वसई, जि. पालघर येथील बांधकामाबाबत हरकती व सूचना ७ दिवसांच्या आत लेखी स्वरूपात सादर कराव्यात.’ यंत्राने वाचली ती अशी : ‘मौजे आचोले, ता. वंसई, नि. पालघर येथील वांधकामावावत हरकती व सुचना १ दिवसांच्या आत लेखी स्वरुपात सादर कराव्यात.’ आठवड्याचा एक दिवस झाला. ‘वसई’वरचा अनुस्वार कुठून आला म्हणून मी चित्र मोठं करून पाहिलं. स्कॅनरच्या काचेवर धुळीचा कण होता. आपल्या काचेवरचा कण आमच्या मराठीत अनुस्वार होतो, हे भाषाशास्त्रात नोंदवून ठेवण्याजोगं आहे.

यंत्राची बाजू आता जरा तपशिलात मांडतो. इंग्रजीची छापील अक्षरं सुटी उभी असतात, एकेक उचलून ओळखता येतं. आपली अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना बांधलेली. शिवाय वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. एकट्या ‘र’चे अवतार बघा : ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘क्रम’मध्ये पायाशी येतो, ‘राष्ट्र’मध्ये टोपी उलटी घालून बसतो आणि ‘दऱ्या’मध्ये आडवा होतो. यंत्राला हे शिकवायला माणसांनी आयुष्यं घातली आहेत. आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा १९७० च्या दशकातच देवनागरीच्या यांत्रिक वाचनावर काम करत होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९७ मध्ये बंगाली आणि देवनागरी या दोन्ही लिप्या वाचणारी पद्धत मांडली. त्या काळची रीत अशी, की यंत्राने आधी ओळीतली शिरोरेषा हुडकायची, ती मनातल्या मनात पुसायची आणि मग वरचा, मधला, खालचा असे तीन पट्टे वेगळे करून अक्षर लावायचं. पुण्याच्या सी-डॅकने ‘चित्रांकन’ नावाचं हिंदी-मराठी ओसीआर काढलं. ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं ‘टेसरॅक्ट’ २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, पुढे गूगलने त्याला पोसलं आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते सुटं अक्षर न वाचता न्यूरल जाळ्याने अख्खी ओळ वाचू लागलं. मराठीसाठी त्यात वेगळी सोय आहे आणि ती फुकट आहे.

म्हणजे पन्नासेक वर्षं मोठमोठी डोकी खपली ती यंत्राला आडवी सरळ रेघ सापडावी म्हणून. आणि आपण पान तिरकं ठेवलं. तीन सेकंदांत पन्नास वर्षांचा हिशेब चुकता.

तरी आमच्या भागाची एक खोड सांगायलाच हवी, ती आपल्याला ठाऊक नसेल असं नाही. या तालुक्याला देवाने ‘ळ’ सढळ हाताने दिला आहे. निर्मळ, नाळे, अर्नाळा, आचोळे, तुळींज, चुळणे, उमेळे, बोळींज, कळंब, मुळगाव. बरेच ओसीआर करणारे ‘मराठी’ न निवडता ‘हिंदी’ निवडतात, कारण यादीत ते वर असतं किंवा देवनागरी ती देवनागरी असं त्यांना वाटतं. मग अख्ख्या तालुक्यातला ळ पळून जातो. निर्मळचं निर्मल होतं, नाळ्याचं नाले होतं. पावसाळ्यात आमच्याकडे गावागावांचं नालेच होतं, हे कबूल. पण निदान कागदावर तरी गाव कोरडं राहावं.

मग आडनावं. वसईच्या मराठीत घोन्साल्विस आहेत, तुस्कानो आहेत, मिनेझिस, लोपीस, डाबरे, डिमेलो, मच्याडो आहेत. ही माणसं पिढ्यानपिढ्या मराठी बोलतात, सामवेदी आणि वाडवळी बोलतात. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पण यंत्र ज्या मजकुरावर शिकलेलं असतं, त्यात ही आडनावं क्वचितच आलेली असतात. अक्षर स्वच्छ असेल तर ते डोळ्यांवर विश्वास ठेवतं. अक्षर पुसट असेल तर सवयीवर जातं, म्हणजे नेहमीचा जवळचा शब्द ठोकून देतं. आपल्या पुसट झेरॉक्समुळे घोन्साल्विसचा धोन्साल्विस होतो. एका घरात बापाच्या कागदावर घ आणि मुलाच्या कागदावर ध आला की दोघं बापलेक असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ते करायलाही माझ्याकडेच येतात. आपण माझ्या पोटापाण्याची किती काळजी वाहता, याची मला जाणीव आहे.

आकड्यांबद्दल आपले उपकार तर फिटणारच नाहीत. अक्षर चुकलं तर वाचणारा संदर्भाने सावरून घेतो. आकड्याला संदर्भ नसतो. १ चा ९ झाला, ७ चा १ झाला, तर वाक्य काही तक्रार करत नाही. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांच्यामधली तिरकी रेघ पान झुकलं की सरळ होते, मग यंत्र तिला १ समजतं, आणि ‘१८/१’ चे ‘१८११’ होतात. सातबाऱ्याच्या चौकटी तर विचारूच नका. उभी रेघ दंड होते, आडवी रेघ शिरोरेषा होते, आणि शेजारच्या रकान्यातल्या पिकाचं नाव खातेदाराच्या नावाला चिकटतं. भात हे आडनाव असलेले कितीतरी खातेदार मी जन्माला येताना पाहिले आहेत.

हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यांवरून संगणकात नोंदी घेतल्या गेल्या, तेव्हाही चुका झाल्याच. त्या माणसांनी केल्या होत्या, यंत्राने नव्हे. त्या दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५५ आहे. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचं कलम. ज्याने अर्ज करून, तारखा घेऊन, तहसीलच्या पायऱ्या झिजवून आपलंच नाव आपल्याच जमिनीवर परत आणलं आहे, त्याला विचारा एका मात्रेची किंमत काय असते. ज्या गावात गुंठ्याचा भाव विचारताना लोक आधी खाली बसतात, तिथे हिस्सा नंबर शिक्क्याखाली दडवणं याला निष्काळजीपणा म्हणू की दानत, हे मी आपल्यावर सोडतो.

आपण म्हणाल, शिक्का नको तर मग कागद खरा कशावरून? चांगला प्रश्न आहे, आणि तो विचारायला नालासोपाऱ्याइतकी योग्य जागा नाही. अग्रवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला ते पाडकाम संपलं. जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेली होती. तिथे घरं घेतलेल्यांच्या हातात कागद होते, आणि कागद असले की शिक्के असतातच. शोधता येणारा मजकूर असता तर ती घरं वाचली असती, असा दावा मी करणार नाही. एवढंच म्हणतो, की या शहरात घर घेणाऱ्या माणसाला ‘या सर्व्हे नंबरवर आरक्षण आहे का’ एवढं शोधायचं असेल, तर त्याला आपण चित्रांचा ढिगारा देता. त्यात तो नंबर टंकून बघतो. उत्तर येतं : काहीही सापडलं नाही. त्याला वाटतं, म्हणजे आरक्षण नाही. चित्रात शोध चालत नाही, हे त्याला कोण सांगणार?

खरेपणाची सोय तर कधीच झाली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे आणि डिजिटल स्वाक्षरीला त्यात मान्यता आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. त्यावर तलाठ्याची ओली सही लागत नाही, जांभळा गोल लागत नाही. ज्या खात्याला आपण सगळे कागदाचं आगर समजतो, त्या महसूल खात्याला जे जमलं, ते आपल्या टेबलावर अजून पोचलेलं दिसत नाही. बहुधा त्याचं परिपत्रक स्कॅन करून आलं असावं.

आता एक गोष्ट आपल्या बाजूनेही बोलतो, नाहीतर एकतर्फी वाटेल. काही ठिकाणी मजकूर मुद्दाम चित्रात ठेवला जातो. मतदारयाद्या शोधता येतील अशा स्वरूपात द्याव्यात, ही मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती आणि फेटाळली गेली. लाखो लोकांची नावं-पत्ते एका झटक्यात कोणी उचलून नेऊ नयेत, ही काळजी त्यामागे सांगितली जाते. पटो न पटो, कारण आहे. पण आपल्या नालेसफाईच्या निविदेत, पाणी किती वाजता येणार त्या वेळापत्रकात, हरकती-सूचनांच्या जाहिरातीत कोणाचं गुपित दडलंय? सूर्या धरणाचं पाणी आमच्या नळाला कधी येणार, हे शत्रुराष्ट्राला कळू नये म्हणून आपण ती वेळ पुसट ठेवता का? मग ठीक आहे. आम्हांलाही कळत नाही, एवढीच अडचण.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांचा विचार आपण केलाच असेल, म्हणून फक्त आठवण देतो. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर मराठीतही चालतात. त्यांच्यापुढे आपलं चित्र आलं की ती गप्प बसतात, किंवा ‘प्रतिमा’ एवढं म्हणून पुढे जातात. यातली गंमत अशी, की छापील अक्षर ओळखण्याच्या तंत्राला बळ मिळालं त्यात अंधांच्या गरजेचाही वाटा आहे. रेमंड कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये छापील पान वाचून दाखवणारं यंत्र काढलं, ते त्यांच्यासाठीच होतं. न बोलणारा कागद बोलका करायला जगाने एवढा खटाटोप केला, आणि आपण बोलका मजकूर रोज मुका करता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याचं कलम आहे. आपल्या फलकावर ते लावलेलं असेल. स्कॅन करून.

इथे माझी एक प्रामाणिक शंका आहे. आपण हे सारं इतिहासाच्या प्रेमापोटी करता का? कारण स्कॅन आणि ओसीआर यांची खरी गरज जुन्या कागदाला असते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबईचं १८९८ चं. तिथल्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकांची मूळ फाईल कोणाच्याच संगणकात नाही, ती स्कॅनच करावी लागतात. पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर बहुतांश मोडी लिपीत आहे. त्यातून १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाईंनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते माणसांनी डोळ्यांनी वाचून. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही जुन्या दस्तांपुढे बसवायला मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. मराठी विकिस्रोतावर आजही लोक फुकट वेळ घालून यंत्राने ओळखलेलं पान मूळ चित्राशी ताडून बघतात; एकाने तपासलं की दुसरा पुन्हा तपासतो, तेव्हा कुठे ते पान प्रमाणित ठरतं. या माणसांपुढे दुसरा इलाज नाही. आपल्यापुढे होता. आपण मात्र आज सकाळचा कागद संध्याकाळपर्यंत शंभर वर्षांचा म्हातारा करून त्यांच्या रांगेत आणून उभा करता. पुराणवस्तू खात्याने आपली दखल घ्यायला हवी.

पुराणवस्तूंवरून आठवलं. आपल्याच हद्दीत, सोपाऱ्याला, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. दोन हजारांहून अधिक वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढलेले दगड, तेही अर्धवट. तरी त्यांवरून कोणता लेख आहे हे ओळखता आलं, कारण तोच मजकूर गिरनारला आणि इतरत्र सलग कोरून ठेवलेला होता. सम्राटाचं साधं धोरण होतं : जे लोकांना सांगायचं ते लोकांना वाचता येईल असं, लोकांच्या बोलीत, जागोजागी. त्याच्या लेखनिकाने ओळी सरळ ठेवल्या, अक्षरावर शिक्का उमटवला नाही, अंगठाही मध्ये आणला नाही. तिथे आपण असता तर पहिल्याच दिवशी शिळेची झेरॉक्स मागितली असती.

काही जण आपल्या बचावाला येतात, त्यांचंही ऐकून घेतो. ‘साहेब, पूर्वीच्या फाईली युनिकोडमध्ये नाहीतच.’ खरं आहे. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या फॉण्टच्या जमान्यात मराठी छपाई उभी राहिली, त्यांनी वर्तमानपत्रं चालवली, पुस्तकं काढली. पण त्यांतला मजकूर दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा पडतो. अशी फाईल असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, आणि नसली तर ओसीआर करणंही क्षम्य आहे. पण ती सबब कालच्या नोटिशीला चालत नाही. कालची नोटीस युनिकोडमध्येच टंकली होती. कोपऱ्यात युनिकोड फॉण्टचा ओळखीचा वळणदार ‘ल’ दिसतोय. तो शिक्क्यातून सुटला, हा आपला एकमेव ढिसाळपणा.

‘हे सगळं आता एआय वाचेल,’ असंही कोणी म्हणतं. वाचेल की. फार चांगलं वाचेल. इतकं चांगलं, की न दिसलेलं अक्षरही स्वतःच्या मनाने भरून देईल आणि ते शोभूनही दिसेल. जुनं ओसीआर चुकलं की ‘वांधकामावावत’ असं काहीतरी लिहून स्वतःची चूक चव्हाट्यावर मांडायचं. निदान प्रामाणिक होतं. नवं यंत्र शिक्क्याखालच्या सर्व्हे नंबराच्या जागी एक देखणा, संपूर्ण, शुद्ध आणि चुकीचा नंबर टाकेल. तो तपासायला शेवटी आचोळ्याचा माणूसच लागेल, ज्याला ठाऊक आहे की ती जमीन त्या नंबरात नाहीच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्याकडेही आनंद साजरा झाला असेल, परिपत्रक निघालं असेल. ते मला शोधता आलं नाही. का, ते आपण जाणताच.

तर विनंती पुढीलप्रमाणे. आपल्या सवयीला धरून क्रमांक घातले आहेत.

१) जे संगणकात टंकलं, ते संगणकातूनच द्या. प्रिंट काढायची हौस असेल तर काढा, घरी न्या, फ्रेम करा. संकेतस्थळावर मूळ फाईल चढवा.

२) स्कॅन करावंच लागलं तर आधी काच पुसा. पान सरळ ठेवा. ३०० डीपीआय निवडा. झेरॉक्सची झेरॉक्स नको, मूळ प्रत ठेवा. अंगठा स्वतःजवळ ठेवा.

३) शिक्का कोऱ्या जागेत मारा. कागदावर कोरी जागा ठेवण्याची पद्धत आपल्या आधीपासून आहे.

४) पानं सगळी द्या, क्रमाने द्या, एकाच दिशेला डोकं करून द्या.

५) फाईलला ‘स्कॅन ०००१’ असं नाव देऊ नका. तिच्यात काय आहे, कुठल्या गावाचं आहे, कुठल्या तारखेचं आहे, एवढं नावात असू द्या.

६) ओसीआर केलंत तर ‘मराठी’ निवडा आणि आलेला मजकूर स्थानिक माणसाकडून मूळ पानाशी ताडून घ्या. ज्याला चुळणे, आचोळे आणि तुळींज तोंडपाठ आहेत, असा माणूस आपल्या कचेरीत शिपाई म्हणून नक्की असेल. त्याला खुर्ची द्या.

एवढं करूनही आपल्याला शिक्क्याचाच मोह आवरला नाही, तर माझ्याकडे एक उपाय आहे आणि तो आपल्याच कायद्यातला आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५. त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत, योग्य ते संगणकावर आणावेत, माहिती स्थानिक भाषेत आणि सहज मिळेल अशी द्यावी, असं लिहिलं आहे. आणि कलम २(ञ) मध्ये संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. म्हणजे मी आपल्या नोटिशीचं चित्र मागत नाही. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता टंकलेली मूळ फाईल मागतो. आपल्याकडे तीस दिवस आहेत. ‘फाईल उपलब्ध नाही’ असं कळवलंत, तर ज्या संगणकावर ती टंकली त्याबद्दल पुढचा अर्ज येईल, आणि मग अपील. टंकलेखक माणूस आहे, अर्ज टंकायला मला वेळ लागत नाही. माझ्या ओळखीतल्या सेक्रेटरींना, कारकुनांना आणि शेतकऱ्यांनाही मी नमुना देऊन ठेवला आहे, नुसतं नाव-गाव भरायचं बाकी आहे.

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आहे. मजकुरापासून दूर, कोऱ्या जागी लावला आहे. तसा लावता येतो, हे पाहण्यासाठी तरी अर्ज एकदा उघडावा.

आपला कृपाभिलाषी,
एक टंकलेखक, वसई

सोबत : अर्जाची फाईल, युनिकोडमध्ये.

प्रत माहितीस्तव :
१) झेरॉक्स यंत्र, विश्रांतीसाठी.
२) स्कॅनर, काच पुसून घेण्याच्या सूचनेसह.